चुंबक वळवण्याची खटपट

संगणकाच्या चुंबकीय तबकडीवर लिहिलेली नोंद वीज बंद केल्यावरही टिकते, कारण तबकडीवरील धातूच्या पातळ थरातील प्रत्येक सूक्ष्म ठिपका आपल्या चुंबकत्वाची दिशा वर्षानुवर्षे राखून ठेवतो. मात्र ती दिशा बदलायची, म्हणजेच जुनी नोंद पुसून नवी लिहायची, तर आजही बारीक वेटोळ्यातून विद्युतप्रवाह सोडून चुंबकीय क्षेत्र उभे करावे लागते, आणि प्रवाह म्हटला की उष्णता आलीच. नोंद वाचण्याचा प्रश्न १९८८ मध्ये आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या प्रचंड चुंबकीय रोधबदलाच्या परिणामाने बराच सोपा केला आणि २००७ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिकही मिळाले. लिहिण्याचा प्रश्न मात्र तितक्या सहज सुटलेला नाही. ‘स्मृती’ हे सूत्र घेऊन निघणाऱ्या या अंकात माणसांच्या आठवणींना साहजिकच मोठी जागा असेल, आणि पदार्थांच्या आठवणीचा हा विषय त्यांच्या शेजारी थोडा रुक्षही वाटेल. परंतु आठवण टिकवण्यापेक्षा ती बदलणे खर्चिक का पडते, हा प्रश्न पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळांत गेली काही दशके अक्षरशः भट्टीवर चढलेला आहे.

या खटाटोपामागची कल्पना साधी आहे. विद्युतरोधक पदार्थाच्या दोन बाजूंना विद्युतदाब लावला, तर त्यातून प्रवाह जवळजवळ वाहत नाही, फक्त पृष्ठभागांवर क्षणभर भार साठतो; तेव्हा एखाद्या रोधकाचे चुंबकत्व केवळ अशा दाबाने वळवता आले, तर लिहिण्याचा खर्च कितीतरी पटींनी उतरेल. ज्या ऑक्साइडांमध्ये चुंबकीय रचना आणि कायमचे विद्युत ध्रुवीकरण एकत्र नांदतात, त्यांना मल्टिफेरोइक म्हणतात, आणि या संशोधनाचा एक पाय त्यांच्यावर आहे. दुसरा पाय आहे तो नॅनोतारांवर, म्हणजे दहा-वीस नॅनोमीटर ते शे-दोनशे नॅनोमीटर जाडीच्या, पण त्या मानाने फार लांब अशा लोखंड, कोबाल्ट वा निकेलच्या तारांवर, ज्यांत चुंबकत्वाला दिशा निवडण्याचे स्वातंत्र्यच फारसे उरत नाही.

एका स्फटिकात दोन गुण

दाबाने चुंबकत्व आणि चुंबकाने ध्रुवीकरण घडवण्याची शक्यता पिएर क्युरी यांनी १८९४ मध्येच वर्तवली होती; क्रोमियम ऑक्साइडमध्ये ती दिसेल हे झ्यालोशिन्स्की यांनी १९५९ मध्ये सममितीच्या आधारे सांगितले आणि पुढच्याच वर्षी आस्त्रोव्ह यांनी ती मोजून दाखवली. परिणाम इतका क्षीण होता की पुढे बराच काळ हा विषय मोजक्या अभ्यासकांपुरताच राहिला. २००० मध्ये निकोला स्पाल्डिन (तेव्हाच्या निकोला हिल) यांनी एका लेखात जो प्रश्न विचारला, तो या क्षेत्राच्या पुनरुज्जीवनाला अधिक उपयोगी पडला: असे पदार्थ मुळात इतके थोडे का?

त्याचे उत्तर इलेक्ट्रॉनांच्या मांडणीत आहे. बेरियम टायटनेट या परिचित फेरोइलेक्ट्रिक पदार्थात, म्हणजे ज्याचे कायमचे ध्रुवीकरण बाहेरच्या दाबाने उलटवता येते अशा पदार्थात, टायटॅनियमचा आयन भोवतालच्या सहा ऑक्सिजन आयनांच्या पिंजऱ्यात मध्यावरून किंचित सरकतो, आणि या सरकण्यानेच स्फटिकाची एक बाजू धन व दुसरी ऋण होते. सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या वर तो पुन्हा मध्यावर येतो व ध्रुवीकरण नाहीसे होते. टायटॅनियमला असे सरकणे परवडते, कारण त्याची ‘डी’ नावाची इलेक्ट्रॉन कक्षा रिकामी असते आणि ऑक्सिजनशी नवा बंध जुळवायला तिथे जागा असते. याउलट चुंबकत्वासाठी त्याच कक्षेत एकेकटे इलेक्ट्रॉन बसलेले असावे लागतात, आणि ते बसले की आयन सहसा मध्यावरच राहणे पसंत करतो. एकाच आयनाकडून दोन्ही कामांची अपेक्षा केली, तर दोन्ही बिघडतात.

बिस्मथ फेराइटमध्ये निसर्गाने हा पेच कामाची वाटणी करून सोडवला आहे. त्यात चुंबकत्व लोहाकडे आहे आणि ध्रुवीकरण बिस्मथकडे: बिस्मथच्या बाह्य कक्षेतील इलेक्ट्रॉनांची एक जोडी कोणत्याही बंधात भाग न घेता एका अंगाला झुकून राहते, आणि त्या झुकण्यासरशी सगळा आयन आपल्या जागेवरून सरकतो. ध्रुवीकरण सुमारे ८३० अंशांपर्यंत व चुंबकीय मांडणी सुमारे ३७० अंशांपर्यंत टिकत असल्यामुळे, दोन्ही गुण खोलीच्या तापमानाला एकत्र मिळण्याची सोय फार थोड्या पदार्थांपैकी या एकात आहे. अडचण अशी की त्यातील शेजारी लोहआयनांची चुंबकत्वे परस्परविरुद्ध तोंडे करून उभी असतात. त्यांच्यातील किंचित तिरकेपणामुळे जे थोडे चुंबकत्व उरायला हवे, तेही उरत नाही, कारण ही तिरकी मांडणी स्फटिकात सुमारे ६२ नॅनोमीटरच्या अंतराने पूर्ण फेरा घेते आणि एका जागचे चुंबकत्व दुसऱ्या जागचे रद्द करते.

२००३ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने हे चित्र पालटले. मेरीलंड विद्यापीठातील राममूर्ती रमेश यांच्या गटाने बिस्मथ फेराइटचे अतिशय पातळ थर स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या स्फटिकावर वाढवले आणि त्यांचे ध्रुवीकरण दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६० मायक्रोकूलोम इतके मोजले, तर जुन्या अखंड स्फटिकांवर मोजलेला आकडा सहाच्या आसपास होता. या निबंधाच्या लेखकांमध्ये पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात अध्यापन केलेले सतीशचंद्र ओगले, तसेच मुंबईच्या आयआयटीतून पदवी घेऊन पुढे बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात सैद्धांतिक संशोधन करणारे उमेश वाघमारे यांची नावे आहेत, ही गोष्ट मराठी वाचकांत व्हायला हवी तेवढी माहीत झालेली नाही. निबंधाचे पुढचे आयुष्य मात्र सरळ नव्हते. ध्रुवीकरणातील वाढ थराला बसलेल्या ताणामुळे झाली असे प्रथम मानले गेले, पण पुढे अतिशुद्ध अखंड स्फटिकांतही तेवढेच ध्रुवीकरण आढळले आणि जुने आकडे लहान का होते याचा खुलासा झाला: ते स्फटिकच सदोष होते. निबंधात दिलेल्या चुंबकत्वाच्या मोठ्या आकड्यावर तर त्याच साप्ताहिकात जाहीर आक्षेप घेतला गेला. एवढे होऊनही त्या निबंधाने उघडलेली वाट बुजली नाही, आणि त्याचे महत्त्व अचूकतेपेक्षा या वाट दाखवण्यातच अधिक आहे.

बिस्मथ उडून जाते

विद्यापीठातील प्रयोगशाळेत बिस्मथ फेराइट बनवण्याचे काम वरवर पाहता स्वयंपाकघराइतकेच सरळ दिसते. बिस्मथ ऑक्साइडची पिवळट आणि लोह ऑक्साइडची तांबडी भुकटी तोलून घ्यायची, अगेट दगडाच्या खलात ॲसिटोन घालून तासन्‌तास घोटायची, साच्यात दाबून तिची चकती (प्रयोगशाळेच्या भाषेत ‘पेलेट’) बनवायची आणि अल्युमिनाच्या क्रुसिबलमध्ये ठेवून भट्टीत भाजायची. खरी परीक्षा भट्टीचे दार लागल्यानंतर सुरू होते. बिस्मथ ऑक्साइड ८१७ अंशांना वितळते आणि त्या सुमारास बिस्मथ वाफेच्या रूपाने निसटू लागते. ते कमी पडले की लोहसमृद्ध परका पदार्थ तयार होतो, आणि भरपाई म्हणून आधीच जास्त घातले तर बिस्मथसमृद्ध दुसराच. तापमान खाली ठेवले तर अभिक्रिया अपुरी राहते, वर नेले तर हवे ते संयुग विघटित होऊ लागते. या अरुंद पट्टीतून वाट काढण्याचे प्रत्येक गटाचे आपापले उपाय आहेत: कोणी चकती तापलेल्या भट्टीत थेट सरकवून काही मिनिटांतच बाहेर काढतात, कोणी परका अंश विरल नायट्रिक आम्लाने धुऊन टाकतात, तर कोणी धातूंची नायट्रेटे व सायट्रिक आम्ल पाण्यात विरघळवून, ते मिश्रण आटवून, तयार झालेल्या जेलला स्वतःच पेट घेऊ देतात आणि उरलेली हलकी राख कमी तापमानाला भाजतात. ही शेवटची रीत महाराष्ट्रातील फेराइट संशोधकांच्या विशेष हातातली आहे, कारण तिला महागडे उपकरण लागत नाही.

भाजलेल्या भुकटीचा पहिला निकाल क्ष-किरण विवर्तन यंत्र देते. स्फटिकातील अणूंच्या थरांवरून परावर्तित झालेले किरण ठरावीक कोनांतच एकमेकांना बळ देतात, आणि त्यामुळे आलेखावर जी टोके उमटतात त्यांवरून पदार्थ ओळखता येतो. संशोधक विद्यार्थ्याची नजर आधी उंच टोकांकडे जात नाही. ती २७ ते २९ अंशांच्या दरम्यान, जिथे परक्या पदार्थांची बुटकी टोके डोके वर काढतात, तिथे जाते. तो भाग सपाट असला तरच पुढच्या मोजणीला अर्थ राहतो, आणि नसला तर पुन्हा खल हाती घ्यावा लागतो.

लूप आणि केळे

फेरोइलेक्ट्रिक पदार्थाला चढता-उतरता दाब लावून ध्रुवीकरणाचा आलेख काढला, की मधे जाडसर आणि दोन्ही टोकांना चपटे असे बंद वळण मिळते, ज्याला सगळेच ‘लूप’ म्हणतात. टोकांचा चपटेपणा महत्त्वाचा असतो, कारण सर्व ध्रुव एका दिशेने वळून झाले आणि आता वळण्याजोगे काही उरले नाही, हे त्यातूनच समजते. परंतु नमुन्यातून प्रवाह झिरपत असेल, तर उपकरण तो झिरपलेला भारही ध्रुवीकरण म्हणून मोजते आणि आलेख फुगून गोल होतो. बिस्मथ फेराइटमध्ये ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहिल्या की काही लोहआयनांचा भार बदलतो, इलेक्ट्रॉनांना एकावरून दुसऱ्यावर उडी मारण्याची सोय होते आणि झिरपा सुरू होतो. ‘सॅम्पल लीकी आहे’ हे वाक्य या क्षेत्रातील प्रयोगशाळांत जितके ऐकू येते तितके क्वचितच दुसरे येत असेल.

फेरोइलेक्ट्रिक संशोधनातील ज्येष्ठ जेम्स स्कॉट यांनी २००८ मध्ये एका छोट्या लेखात केळ्याच्या सालीला विद्युताग्रे लावून मिळवलेला लूप छापला, आणि शोधनिबंधांतून फेरोइलेक्ट्रिकतेचा पुरावा म्हणून मिरवणाऱ्या कित्येक लूपांशी तो मिळताजुळता होता. विनोद जिव्हारी लागणारा होता, तरी त्यानंतरही फुगलेले लूप छापून येणे थांबले नाही. चुंबकीय क्षेत्र लावल्यावर धारकता बदलते, एवढ्यावरून दोन्ही गुणांचा परस्परसंबंध सिद्ध झाला असे मानणेही तितकेच निसरडे आहे, कारण क्षेत्रामुळे केवळ पदार्थाचा रोध बदलला तरी तसाच परिणाम दिसतो, हे गुस्ताऊ कातालान यांनी २००६ मध्ये दाखवून दिले. अशा संशोधनात मूळ परिणामापेक्षा त्याची नक्कल करणाऱ्या गोष्टी जास्त असतात. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेची ओळख तिच्या मोठ्या आकड्यांवरून न होता, तिने आधी काय काय वगळून पाहिले यावरून होते.

चुंबकीय मोजणीतही हीच सावधगिरी लागते. कंपन पावणाऱ्या नमुन्याच्या चुंबकत्वामुळे जवळच्या वेटोळ्यात निर्माण होणारा दाब मोजणारे यंत्र इतके संवेदनशील असते, की पोलादी चिमट्याने पातळ थर उचलला तर त्याच्या कडेला चिकटलेला लोखंडाचा अदृश्य कणही ‘शोध’ ठरू शकतो. त्यामुळे अशा मोजणीसाठी प्लॅस्टिकचे चिमटे वापरण्याचा दंडक असतो.

ट्रॉम्बेची वारी

नमुन्यात किती चुंबकत्व आहे हे यंत्र सांगते, ते आत कसे मांडलेले आहे हे मात्र सांगत नाही. त्यासाठी न्यूट्रॉन लागतात, कारण विद्युतभार नसूनही न्यूट्रॉनला स्वतःचे चुंबकत्व असते आणि स्फटिकातून विखुरताना तो आयनांच्या चुंबकत्वाची दिशा टिपतो. बिस्मथ फेराइटमधील ६२ नॅनोमीटरचा फेरा १९८२ मध्ये पोलंडच्या इझाबेला सोस्नोव्स्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूट्रॉन विवर्तनानेच उलगडला. भारतात हे काम मुख्यतः ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील ‘ध्रुव’ या १०० मेगावॉटच्या अणुभट्टीवर होते आणि विद्यापीठांतील संशोधकांना तिथपर्यंत पोहोचवण्याची सोय यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम या संस्थेमार्फत झालेली आहे, जिची केंद्रे इंदूर, मुंबई आणि कोलकाता येथे आहेत. न्यूट्रॉन विवर्तनाला पुष्कळ पदार्थ लागतो, एका चकतीने भागत नाही. म्हणून तेच मिश्रण पुन्हा पुन्हा भाजून, प्रत्येक खेपेची शुद्धता तपासून, काही ग्रॅम भुकटी जमा करावी लागते. टर्बियम मँगनाइटसारख्या पदार्थात तर ध्रुवीकरण २८ केल्व्हिनच्या खालीच, म्हणजे शून्याखाली सुमारे २४५ अंशांना उगवते, आणि तिथे द्रव हेलियमशिवाय चालत नाही. भट्टी सर्वत्र असते, हेलियम सर्वत्र नसते. मराठी मुलखातील बहुतेक विद्यापीठांनी खोलीच्या तापमानाला काम करणारे पदार्थ का निवडले, याचे एक कारण विज्ञानाबाहेरचे आहे ते असे.

छिद्रांत वाढणारी तार

नॅनोतारा बनवण्याची रीत ऑक्साइडांच्या भट्टीपेक्षा निराळी, बरीचशी मुलामा चढवण्याच्या धंद्याच्या जवळची आहे. अतिशुद्ध ॲल्युमिनियमचा पत्रा आधी विजेच्या साहाय्याने आरशासारखा घासून घेतात आणि मग थंड ऑक्झॅलिक आम्लात बुडवून धन टोकाला जोडतात. पृष्ठभागावर अल्युमिनाचा थर वाढू लागतो, आणि आम्ल त्याच वेळी तो खातही असल्यामुळे थरात उभी, समांतर छिद्रे पडत जातात. पुरेसा वेळ दिला तर ही छिद्रे मधमाशांच्या पोळ्याप्रमाणे षट्कोनी रांगांत बसतात, हे जपानच्या हिदेकी मासुदा आणि केंजी फुकुदा यांनी १९९५ मध्ये दाखवले. पुढे पहिला अव्यवस्थित थर विरघळवून, त्याने पत्र्यावर सोडलेल्या खळग्यांतून दुसरा थर सुरुवातीपासूनच शिस्तीत वाढवण्याची पद्धत रूढ झाली. छिद्रांमधील अंतर दाबावर ठरते, दर व्होल्टला सुमारे अडीच नॅनोमीटर. म्हणजे ४० व्होल्टला जवळपास १०० नॅनोमीटर. इतक्या लहान मापाचे नियंत्रण एका साध्या वीजपुरवठ्याच्या बटणावर असावे, यात या पद्धतीचे सगळे आकर्षण आहे.

तयार चाळणीच्या एका बाजूवर सोन्याचा पातळ थर देऊन छिद्रांचे तळ बंद करतात आणि ती निकेल सल्फेट व बोरिक आम्लाच्या द्रावणात सोडून आता ऋण टोकाला जोडतात. निकेलचे आयन छिद्रांत उतरून तळापासून साचू लागतात. आत काय चालले आहे हे डोळ्यांना दिसत नाही, पण प्रवाहाचा आलेख ते सांगतो: सुरुवातीला प्रवाह उतरतो, मग बराच वेळ एका पातळीवर स्थिर राहतो, आणि तारा छिद्रांच्या तोंडापर्यंत पोहोचून बाहेर पसरू लागल्या की एकाएकी उसळतो. त्याच्या जरा आधी हात आवरायचा असतो. द्रावणात कोबाल्टबरोबर थोडे तांबेही घातले, तर केवळ दाब आलटून-पालटून बदलत एकाच तारेत कोबाल्ट आणि तांब्याचे थर एकावर एक चढवता येतात. कमी दाबाला फक्त तांबे बसते, जास्त दाबाला प्रामुख्याने कोबाल्ट. १९९४ मध्ये बेल्जियममधील लूव्हेन आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथील गटांनी अशाच तारांमध्ये, प्रवाह थरांना छेदून जात असताना, प्रचंड चुंबकीय रोधबदल मोजला. अखेरीस कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात अल्युमिना विरघळवले की तारा मोकळ्या होतात.

तारेचे चुंबकत्व तिच्या आकारामुळे लांबीच्या दिशेनेच राहू पाहते, कारण आडवे वळले तर तारेच्या दोन्ही कडांवर चुंबकीय ध्रुव उघडे पडतात आणि त्याला अधिक ऊर्जा लागते. स्टुअर्ट पार्किन यांनी आयबीएममध्ये असताना २००८ मध्ये मांडलेली ‘रेसट्रॅक’ स्मृती याच गुणावर उभी आहे: तारेत एकापाठोपाठ एक उलट-सुलट चुंबकीय प्रदेश ठेवायचे आणि त्यांच्यामधील सीमा प्रवाहाच्या झटक्याने वाचनबिंदूकडे सरकवायच्या. २०१५ पर्यंत पार्किन यांच्या गटाने या सीमा सेकंदाला ७५० मीटरपर्यंतच्या वेगाने पळवून दाखवल्या. वेग थक्क करणारा आहे. मात्र इथेही ढकलणारा प्रवाहच असल्यामुळे मूळची तक्रार पुरती मिटत नाही.

स्तंभ आणि त्याभोवतीचा पदार्थ

एकाच पदार्थाकडून दोन्ही कामे करवून घेण्याऐवजी दोन पदार्थ जोडण्याची कल्पना १९७० च्या दशकाच्या आरंभी फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत आकाराला आली. कोबाल्ट फेराइट चुंबकीय क्षेत्रात किंचित आकार बदलते आणि बेरियम टायटनेट दाबले की त्यावर विद्युतभार येतो. दोघांना घट्ट चिकटवले, तर एकाचा ताण दुसऱ्यापर्यंत पोहोचतो आणि चुंबकाकडून विजेपर्यंतचा व्यवहार यांत्रिक मार्गाने पुरा होतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात फेराइटच्या अभ्यासाची परंपरा जुनी असल्यामुळे तिथे या जोड-पदार्थांवर बरेच काम झाले आहे. अडचण पुन्हा झिरप्याचीच असते, कारण फेराइट तुलनेने विद्युतवाहक असते, आणि त्याचे प्रमाण वाढवून कण एकमेकांना लागले की साठलेला भार त्या साखळीतून निघून जातो.

नॅनोतारा आणि ऑक्साइड या दोन वाटा एकत्र येतात त्या इथे. २००४ मध्ये रमेश यांच्या गटाने, ज्यात ओगले पुन्हा होते, बेरियम टायटनेटच्या थरात कोबाल्ट फेराइटचे उभे नॅनोस्तंभ आपोआप वाढवले. दोन्ही पदार्थ एकमेकांत न मिसळता वाढतानाच वेगळे होत होते. सपाट थर खालच्या स्फटिकाला जखडलेला असल्यामुळे त्याला ताणण्या-आखडण्याची मोकळीक नसते, स्तंभाला मात्र ती मिळते, आणि बेरियम टायटनेटचे ध्रुवीकरण ज्या तापमानाला नाहीसे होते त्याच्या आसपास स्तंभांच्या चुंबकत्वातही बदल उमटलेला दिसला. तळापासून माथ्यापर्यंत जाणारा वाहक स्तंभ म्हणजे झिरप्याला तयार रस्ता, ही शंका तेव्हापासूनच या रचनेची पाठ सोडत नाही.

कारखान्याच्या दारात

दाबाने चुंबक उलटा करण्याचे सर्वांत स्पष्ट प्रात्यक्षिक २०१४ मध्ये जॉन हेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोलीच्या तापमानाला केले. बिस्मथ फेराइटच्या थरावर कोबाल्ट-लोहाचा पातळ थर ठेवून त्यांनी खालच्या थराचे ध्रुवीकरण उलटवले. ते एका झटक्यात न उलटता दोन टप्प्यांनी वळते, आणि या वळणामुळेच त्याला जोडलेली चुंबकीय मांडणीही सोबत फिरून वरच्या धातूला आपल्याबरोबर फिरवते. २०१८ च्या अखेरीस इंटेलच्या संशोधकांनी याच तत्त्वावर गणन करणारी रचना प्रस्तावित केली, ज्यात व्होल्टच्या दहाव्या भागाएवढ्या दाबाने काम व्हावे असे लक्ष्य होते. ते गाठण्यासाठी थर पातळ करावा लागतो किंवा त्यात लँथॅनम मिसळून ध्रुवीकरण मुद्दाम थोडे कमकुवत करावे लागते, आणि थर पातळ झाला की झिरपा वाढतो.

याशिवाय स्पर्धाही आहे. हॅफ्नियम ऑक्साइड हे चिप कारखान्यांत आधीपासूनच वापरले जाणारे साधे रोधक विशिष्ट प्रकारे वाढवल्यास फेरोइलेक्ट्रिक होते, हे २०११ मध्ये जाहीर झाल्यापासून उद्योगाचा ओढा तिकडे वळला आहे. त्यात चुंबकत्व नाही, म्हणून ते मल्टिफेरोइकची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही, पण कारखान्यात शिरण्यासाठी त्याला परवानगी मागावी लागत नाही. बिस्मथ फेराइटचा चांगला थर वाढवायला अजून ६५० ते ७०० अंश लागतात, तर चिपवर धातूची जोडणी झाल्यानंतर तिला सुमारे ४०० अंशांपलीकडे तापवता येत नाही. त्यामुळे प्रयोगशाळांतील सध्याची बरीच मेहनत नवा गुण शोधण्यावर नसून, हे अडीचशे-तीनशे अंश खाली कसे आणायचे यावर चालली आहे.